एस्प्रेसो मशीनचा काटा 9 वर का टिकत नाही: स्क्रूला हात लावण्याआधीच्या तपासण्या

काटा म्हणजे मशीनवरच्या दाबमापकाचा, आकडे बारमध्ये (बार हे दाबाचं एकक), आणि एस्प्रेसोला लागतो तो 9 च्या आसपास. तो टिकला नाही की सगळे आधी दाबाची मर्यादा ठरवणारा आतला स्क्रू फिरवायला बघतात. त्याआधी काय तपासायचं ते इथे आहे. आधी लक्षणं. आपलं मशीन यांतल्या कुठल्या ओळीत बसतं ते ठरवा, म्हणजे निम्मं काम झालं.

काटा 4-5 बारच्या वर जात नाही. कॉफी 10-12 सेकंदांत भसाभस उतरते, रंग फिका, वरचा फेस नावापुरता, चव आंबट आणि पाणचट.

काटा 12-13 वर जाऊन बसतो. पंप घुसमटल्यासारखा आवाज करतो आणि कॉफी थेंबाथेंबाने पडते. 45 सेकंदांनीही कप भरत नाही, चव कडू-जळकी.

काटा आधी नीट चढतो आणि मध्येच धपकन खाली येतो. पोर्टाफिल्टरच्या (कॉफी भरून मशीनला अडकवायच्या दांड्याच्या भांड्याच्या) तळातून एखादी पिचकारी उडते.

पोर्टाफिल्टरच्या कडेने पाणी झिरपतं.

सकाळी सगळं ठीक, संध्याकाळी सात-आठनंतर मशीन मंद.

घर किंवा होमस्टे पावसाळाभर बंद होता. गणपतीला उघडलं, मशीन लावलं, तर पंप घुर्रर्र करतो पण पाणीच येत नाही.

एक गोष्ट लक्षण नाही, हेही सांगून टाकू. काही मशीन पहिले 5-8 सेकंद मुद्दाम कमी दाबाने कॉफी भिजवून घेतात. तेवढा वेळ काटा खाली असणारच.

दाब पंप तयार करत नाही

पंप फक्त पाणी ढकलतो. पाण्याला समोर अडवणारं काहीतरी असेल तरच दाब तयार होतो, आणि अडवणारी असते ती बास्केटमधली (पोर्टाफिल्टरमधल्या भोकांच्या वाटीतली) दाबलेली कॉफीची चकती. पायपाच्या तोंडावर बोट धरलं की बागेत पाणी लांब उडतं, तोच प्रकार. म्हणून काटा खाली असेल तर पहिला संशय कॉफीवर घ्यायचा, पंपावर नाही.

खोक्यावर छापलेले 15 बार म्हणजे समोरची वाट पूर्ण बंद असताना पंप किती जोर लावू शकतो तो आकडा. एस्प्रेसोला 9 च्या आसपास पुरतो. युद्धानंतरच्या इटलीतल्या दांड्याच्या, स्प्रिंगवाल्या मशीनमधून ही पातळी रुळली आणि 1961 साली फाएमाच्या ई61 मशीनने ती विजेच्या पंपावर आणली. पंपाचा जादा जोर कापून पाणी परत टाकीत सोडायला एक छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, त्याला ओपीव्ही म्हणतात. ज्या स्क्रूबद्दल सगळे विचारतात तो ह्याचाच. ओपीव्ही ही वरची मर्यादा आहे. तो कितीही आवळला तरी जाड दळलेल्या कॉफीतून 5 चे 9 बार होणार नाहीत. काटा खाली आहे म्हणून स्क्रू पिळणाऱ्यांचं मशीन दळण सुधारल्यावर 14 वर जातं, आणि मग दुसरीच तक्रार सुरू होते.

फुकटातली पहिली तपासणी: वजन, वेळ, दळण

0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा हवा. 58 मिमीच्या डबल (दोन कपांच्या) बास्केटमध्ये 18 ग्रॅम कॉफी घ्या आणि कपात 36 ग्रॅम उतरेपर्यंत वेळ मोजा. पंप सुरू केल्यापासून 25 ते 30 सेकंद लागले पाहिजेत. बास्केटवर तिची क्षमता कोरलेली असेल तर त्याच्या एक ग्रॅम इकडे-तिकडे राहा. चमच्याने मोजणं सोडा. दोन ग्रॅमच्या फरकाने काटा सहज दोन बार हलतो.

आता दळण. 12 सेकंदांत कप भरत असेल तर ग्राइंडर एक खूण बारीक करा, बाकी काहीही बदलू नका, पुन्हा शॉट (एका वेळची एस्प्रेसो) घ्या. एका वेळी एकच बदल. वजन, दळण आणि दाबण्याचा जोर तिन्ही एकदम बदलले की कशाने काय झालं ते कळत नाही.

कोकण किनाऱ्यावर हा भाग जास्त छळतो. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कॉफी तो ओढून घेते. दळलेली तर काही मिनिटांत. पूड गोळे धरते, चकती सगळीकडे सारखी बसत नाही आणि पाणी कमकुवत जागेतून वाट फोडतं. काटा चढून धपकन पडतो तो ह्यामुळे. उपाय स्वस्त आहे: लागेल तेवढीच कॉफी, लागेल तेव्हाच दळा. बास्केटमध्ये टाकल्यावर बारीक सुईने तळापर्यंत हलक्या हाताने ढवळून गुठळ्या फोडा, मग सपाट करून सरळ दाबा. बाटलीच्या बुचात तीन-चार बारीक सुया खोचल्या की अवजार तयार.

बिया हॉपरमध्ये (ग्राइंडरवरच्या बियांच्या डब्यात) रात्रभर ठेवू नका. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात म्हणून हॉपरमध्येही टाकणारे आहेत. कृपा करून नको; तांदळाचा दाणा पात्यांत गेला तर ग्राइंडरची मोटर अडते. बिया 100-150 ग्रॅमच्या हवाबंद पुड्यांत ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवल्या तर पुडी बाहेर काढून पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा. वेंगुर्ल्याच्या जुलैतल्या हवेत थंडगार बिया उघड्या केल्या की त्यांना लगेच घाम फुटतो.

भाजल्याची तारीख बघा. भाजल्यानंतर साधारण एक आठवडा ते महिना हा चांगला काळ. कुरिअरने येईपर्यंत त्यातले चार-पाच दिवस जातात ते धरून मागवा. बिया जुन्या झाल्या की तेच दळण ठेवूनही शॉट पळतो आणि काटा पडतो. मॉन्सून्ड मलबार (पावसाळी हवेत मुद्दाम मुरवलेली कॉफी) वापरत असाल तर त्या बिया फुगलेल्या आणि हलक्या असतात. त्यांचे 18 ग्रॅम बास्केटमध्ये जास्त जागा घेतात, पूड वरच्या जाळीला टेकते. तिथे 16-17 वर या.

आणि वाण्याकडची तयार फिल्टर कॉफी पूड? तीत चिकोरी असते. नियमाप्रमाणे 49 टक्क्यांपर्यंत असू शकते आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते, साध्या बास्केटची भोकं बुजवते. ती पूड फिल्टरच्या भांड्यातच छान लागते, तिथेच राहू द्या.

बास्केट कुठली आहे?

स्वस्त मशीनबरोबर दुहेरी तळाची बास्केट येते: आतून शेकडो भोकं, बाहेरून एकच. तिथे दाब ते एक भोक ठरवतं, कॉफी नाही. ते बुजलं की काटा 13-14 वर जातो आणि थेंबही पडत नाही. बास्केट उजेडासमोर धरून काही उपयोग नाही, दोन्ही थरांतून आरपार दिसत नाही. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, बारीक टाचणीने बाहेरचं भोक मोकळं करा आणि नळाखाली उलटी धरा. अशा बास्केटवर दळण बारीक करून दाब सुधारायला जाऊ नका, ती चोंदेल.

एकेरी तळाची असेल तर मात्र उजेडासमोर धरा. बंद भोकं लगेच दिसतात.

जाळी आणि रबर

पाणी जिथून खाली येतं ती वरची गोल जाळी एका स्क्रूने बसवलेली असते. मशीन थंड करून काढा. मागे काळं, तेलकट कीट असेल तर पाणी एका बाजूनेच पडतं. गरम पाणी आणि कॉफी मशीनची धुण्याची पूड यात ती वीस मिनिटं बुडवा, ब्रशने घासा. रोजचं मशीन असेल तर आठवड्यातून एकदा. स्क्रूचं डोकं गंजून गुळगुळीत झालं असेल तर त्याच मापाचा स्टेनलेस स्क्रू घाला. खाऱ्या हवेत साधा स्क्रू लवकर जाम होतो.

कडेने पाणी झिरपत असेल तर रबरी गॅस्केट (पोर्टाफिल्टर जिथे घट्ट बसतो तिथली रबराची कडी) बघा. नवं असताना पोर्टाफिल्टरचा दांडा सरळ तुमच्याकडे येऊन घट्ट होतो. तो मधली जागा ओलांडून उजवीकडे जायला लागला, किंवा नखाने दाबल्यावर रबर प्लॅस्टिकसारखं कडक लागलं, की ते संपलं. रोजच्या वापरात वर्षभरात ही वेळ येते. जोर लावून आवळत राहू नका, त्याने धातूचे कान झिजतात. जुनं गॅस्केट काढताना कुठली बाजू वर होती ते बघून ठेवा. बऱ्याच गॅस्केटना एका बाजूला उतार असतो. मापात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडतो, त्यामुळे जुना तुकडा मोजूनच मागवा. सिलिकॉनचं मिळालं तर तेच घ्या.

खोबरेल तेल लावून रबर मऊ करायचा मोह आवरा. उष्णतेने ते चिकट होतं आणि खवट वासही येतो. लावायचंच असेल तर खाद्य वापराचं सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच.

संध्याकाळचं मशीन

घरगुती मशीनमधला पंप बहुतेक वेळा व्हायब्रेटरी असतो: विजेच्या गुंडाळीत एक दांडी सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होते. व्होल्टेज पडलं की तिचा फटका कमी पडतो आणि दाब उतरतो. हीटरचं नुकसान तर आणखी मोठं, कारण त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. 1,400 वॅटचं मशीन 230 ऐवजी 190 व्होल्टवर जेमतेम साडेनऊशे वॅट देतं. गरम व्हायला वेळ लागतो, वाफ थकते, शॉट आंबट येतो, आणि माणूस ओपीव्ही शोधायला लागतो.

सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर घ्या. मशीन चालू असताना आकडा बघा, कारण रिकाम्या लाइनवर तो बरा दिसतो. सकाळी 228 आणि संध्याकाळी 195 असेल तर उत्तर मिळालं. एप्रिल-मे महिन्यांत बागेतले पंप आणि शेजारच्या घरांतले एसी एकाच वेळी सुरू झाले की हे होतंच. 2 केव्हीएचा स्टॅबिलायझर पुरतो. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन लावू नका: एवढा भार तो उचलत नाही, आणि साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर पंप विचित्र गुणगुणतो.

प्लग तपासा. 1,400 वॅट म्हणजे 6 अँपिअरपेक्षा जास्त, त्यामुळे 16 अँपिअरचं सॉकेट हवं. परदेशी प्लगला बाजारातला दोन पिनांचा ॲडॅप्टर लावला तर अर्थिंग तुटतं. पाणी आणि वीज एकाच पेटीत असलेल्या यंत्राशी हा खेळ करू नका. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा उपयोग राहत नाही; मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतत चला.

पाणी

मशीनवाल्यांच्या पुस्तकात दर दोन-तीन महिन्यांनी क्षार काढायला सांगितलेलं असतं. जांभ्याच्या पट्ट्यातलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसत नसेल तर मशीनमध्येही फारसा बसत नाही, उगाच आम्ल फिरवू नका. उलट ते पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि पितळ-ॲल्युमिनियम हळूहळू खातं. खाडीलगतच्या विहिरींचं दुखणं वेगळं: उन्हाळ्यात त्या मचूळ होतात आणि मिठातलं क्लोराईड स्टेनलेसलाही टोचे पाडतं. जिभेला खारट लागणारं पाणी मशीनमध्ये कधीच घालू नका. निव्वळ आरओचं पाणीही नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि काही मशीनमधल्या पातळी ओळखणाऱ्या सळईला ते पाणी दिसतच नाही. आरओत थोडं चांगलं विहिरीचं किंवा नळाचं पाणी मिसळून टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) 75 ते 150 आणा.

थर बसत असेलच तर एक लिटर पाण्यात 20-25 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. पंप थोडा चालवा, दहा मिनिटं थांबा, असं करत अर्ध्या तासात टाकी संपवा, मग दोन टाक्या साधं पाणी. ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर आत जास्त वेळ मुरू देऊ नका. तांब्याची भांडी कोकमाने लखलखीत होतात हे खरं, पण आगळात मीठ असतं. मशीनला ते चालत नाही.

पंप मरतोय की हवा अडकली आहे?

पोर्टाफिल्टर न लावता पंप बरोबर 10 सेकंद चालवा आणि पडलेलं पाणी मोजा. निरोगी व्हायब्रेटरी पंप साधारण 60 मिलीच्या वर देतो. मशीन चांगलं चालू असतानाच हा आकडा मोजून मशीनच्या पाठीवर लिहून ठेवलेला उत्तम. पुढे तो निम्म्यावर आला की शंका राहत नाही.

पाणी कमी असेल तर लगेच पंप मागवू नका. टाकी नीट बसली आहे का, तिच्या बुडाच्या जाळीत शेवाळ आहे का, नळी पिळली आहे का, टाकीत क्षार धरणारी पुडी असेल तर ती चोंदली आहे का, हे बघा. बंद घरातल्या मशीनमध्ये मुंग्या आणि झुरळं वस्तीला येतात, नळीच्या तोंडापर्यंत. मग वाफेचा नॉब उघडून पंप 10-15 सेकंद चालवा, थोडं थांबा, पुन्हा चालवा. अडकलेली हवा तिथून निघते आणि आवाज एकदम जड होतो, तीच खूण. सलग दोन मिनिटांवर चालवू नका. पंपावर तापमानाने तुटणारा स्विच असतो. तो तुटला तर पंप गप्प होतो आणि अर्ध्या तासाने आपोआप जागा होतो.

शेवटी ओपीव्ही

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच पुढे या. आधी मोजमाप, कारण मशीनच्या तोंडावरचं मीटर पंपाजवळचा दाब दाखवतं, कॉफीवरचा नाही. पोर्टाफिल्टरची तोटी काढून तिथे 0-16 चं प्रेशर गेज लावतात. बहुतेक 58 मिमीच्या पोर्टाफिल्टरवर 3/8 इंचाचे आटे असतात आणि पंप-पाइपच्या दुकानातलं गेज 1/4 चं, म्हणून मध्ये एक बुश आणि टेफ्लॉन टेप लागते. त्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटीमीटर लिहिलं असेल तरी चालतं; 9 बार म्हणजे तिथे 9.2. गेजमधून आलेलं पाणी पिऊ नका.

मशीन नीट तापू द्या, गेजचा पोर्टाफिल्टर लावा, पंप 10 सेकंद चालवा, आकडा लिहा. वाट बंद असताना दिसणारा दाब खऱ्या शॉटपेक्षा एखादा बार जास्त असतो. म्हणून इथे 10 ते 10.5 दिसला तर कपात 9 मिळतो. तेवढा असेल तर झाकणही उघडू नका.

एक धोका ठळकपणे: पंप बंद केल्यावर दाब स्वतः सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह सगळ्या मशीनमध्ये नसतो. तो नसेल तर गेज अजून 8-9 दाखवत असताना पोर्टाफिल्टर फिरवला की उकळतं पाणी अंगावर येतं. आधी वाफेचा नॉब उघडा, काटा शून्यावर येऊ द्या, मग काढा.

आकडा 12-13 असेल तर प्लग काढा, मशीन दोन तास थंड करा, टाकी काढा, झाकण उघडा, आतल्या वायरींचे फोटो घ्या. ओपीव्ही पंपाच्या पुढे असतो आणि त्याच्यातून एक नळी टाकीकडे परत जाते. जुन्या गॅजिया क्लासिकमध्ये टोपी काढल्यावर आत ॲलन कीने फिरणारा स्क्रू दिसतो. रॅन्चिलिओ सिल्व्हियात बोल्ट आणि त्याला धरून ठेवणारा नट आहे. नट सैल केल्याशिवाय बोल्ट फिरवू नका. गॅजियाच्या नंतरच्या क्लासिक प्रोमध्ये स्क्रू नाही, आतली स्प्रिंगच बदलतात. स्वस्त थर्मोब्लॉक मशीनमध्ये (बॉयलरऐवजी तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून पाणी जातं त्या) फिरवण्यासारखं काहीच नसतं, तिथे झाकण परत लावा.

मार्करने सुरुवातीची खूण करा. घड्याळाच्या उलट फिरवलं की स्प्रिंग सैल होते आणि दाब उतरतो. एका वेळी पाव फेरा. झाकण लावा, प्लग लावा, मोजा, पुन्हा प्लग काढा. हे कंटाळवाणं आहे, पण झाकण उघडं ठेवून वीज चालू करणं हा आळशीपणा महागात पडतो. आतल्या उघड्या टोकांवर 230 व्होल्ट असतात आणि बाजूला पाण्याची नळी. 10 वर आलात की थांबा आणि दळण पुन्हा जुळवा, कारण जुनं दळण जुन्या दाबाला बसवलेलं होतं. ग्राइंडर साधा असेल तर 8 बारसुद्धा चांगला. कमी दाबात वाट फुटण्याचं प्रमाण घटतं.

उलट तक्रार, म्हणजे दळण बारीक करूनही काटा 6 वरच, असेल तर परतीची नळी टाकीतून काढून पेल्यात धरा आणि शॉट घ्या. 6 बारलाच पेल्यात धार लागली तर ओपीव्ही आधीच उघडतोय: स्प्रिंग गंजली आहे किंवा बसायच्या जागी कचरा आहे. उघडून साफ करा, स्प्रिंगवर तांबूस डाग असतील तर बदला. पेला कोरडा आणि 10 सेकंदांचं पाणीही कमी, तर पंप संपला. त्याचं वाइंडिंग करून मिळत नाही, अख्खा बदलतात.

इथे थांबा

आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतोय, बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, जळका वास येतो, वायरींवर पाणी दिसतं: प्लग काढा आणि वायरमनलाही मशीन उघडायला लावू नका, त्याच्याकडून फक्त सॉकेट आणि अर्थिंग तपासून घ्या. बॉयलरचे बोल्ट, वाफेचा सुरक्षा व्हॉल्व्ह आणि वाफेचा दाब ठरवणारा स्विच (तो 1 ते 1.5 बारचा वेगळाच मामला आहे) यांना घरी हात लावायचा नाही. पाव-पाव करत पूर्ण दोन फेरे झाले तरी गेज हललं नाही तर पुढे फिरवू नका, स्क्रू सुटून येईल. वॉरंटीतलं मशीन असेल तर दळण, बास्केट आणि गॅस्केटच्या पुढे जाऊच नका.

दुरुस्तीला मशीन कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा गोव्याला पाठवावं लागतं. पाठवण्याआधी टाकी रिकामी करा, वाफेचा नॉब उघडून पंप काही सेकंद चालवून नळ्यांतलं पाणी काढा, पोर्टाफिल्टर आणि जाळी वेगळी बांधा. खोक्यात एक चिठ्ठी टाका: गेजवरचा आकडा, 10 सेकंदांत पडलेलं पाणी, चालू भारावरचं व्होल्टेज, आणि ओपीव्ही खुणेपासून किती फिरवला ते.